लाल रंगाची साक्ष कुठवर खरी मानावी?

वनस्पतीच्या पेशींची रंगवलेली चित्रे पाठ्यपुस्तकात असतात, विज्ञान मासिकांच्या मुखपृष्ठावरही असतात. ती इतकी देखणी असतात की नेमके काय रंगले आहे, हे विचारायचेच राहून जाते. पेशीभित्तिकेतल्या प्रथिनांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टाळून चालत नाही. ज्या रंगाने ही प्रथिने ओळखली जातात, त्या रंगाबद्दलच बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : पेशीभित्तिका म्हणजे नुसते सेल्युलोज.

वस्तुस्थिती : वाढत्या पेशीच्या कोवळ्या भित्तिकेत सेल्युलोज आणि पेक्टिनसोबत प्रथिनेही असतात. कोरड्या वजनात त्यांचा वाटा १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १९६० साली डेरेक लॅम्पोर्ट आणि नॉर्थकोट यांनी या भित्तिकेत हायड्रॉक्सिप्रोलीन असल्याचे दाखवले. हे अमिनो आम्ल तोवर प्रामुख्याने प्राण्यांच्या कोलॅजेनमुळे परिचयाचे होते. हायड्रॉक्सिप्रोलीनने भरलेल्या या प्रथिनांमध्ये एक मोठे कुटुंब आहे अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनांचे. सोयीसाठी त्यांना एजीपी म्हणतात. प्रथिन म्हटले तरी त्यांच्या वजनाचा ९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग शर्करेचा असतो. पाठीचा कणा प्रथिनाचा आणि त्यावर शर्करांच्या दाट फांद्या, अशी त्यांची रचना असते.

गैरसमज २ : प्रथिनांचा एक रंग घेतला की सगळी प्रथिने रंगतात.

वस्तुस्थिती : जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत रोज वापरला जाणारा कूमासी ब्लू हा मुळात लोकर रंगवण्याचा रंग. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ मध्ये त्यावर आधारलेली प्रथिने मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर रुळली. पण हा रंग मुख्यतः आर्जिनीनसारख्या आम्लारिधर्मी अमिनो आम्लांना धरतो. एजीपीमध्ये प्रथिनाचा भाग आधीच थोडा, तोही शर्करेने झाकलेला. त्यामुळे कूमासीने ती फिकट दिसतात किंवा दिसतच नाहीत. निळी पट्टी उमटली नाही म्हणून नमुन्यात प्रथिन नाही, असा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

गैरसमज ३ : यारिव्हचा रंग वनस्पतींसाठीच तयार केला गेला.

वस्तुस्थिती : एजीपी ओळखणारा तांबडा रंग १९६२ मध्ये जोसेफ यारिव्ह आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला. त्यांचा विषय होता शर्करेला चिकटणारी प्रतिपिंडे. रेणूच्या मध्यभागी फ्लोरोग्लुसिनॉलचे कडे, त्याला अॅझो बंधांनी जोडलेले तीन हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एकेक शर्करा, अशी या रंगाची घडण. १९६७ मध्ये दिसून आले की अरबी डिंकातले द्रव्य आणि काही बियांतली द्रव्येही या रंगाने साक्यासारखी खाली बसतात. अरबी डिंक हा बाभळीच्या जवळच्या नात्यातल्या झाडांचा, मुख्यतः सुदान आणि आसपासच्या पट्ट्यातला. त्यात प्रथिन जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास असते. तरी शीतपेयांत सुगंधी तेलाचे थेंब वेगळे होऊ न देण्याचे त्याचे काम प्रामुख्याने त्याच्यातल्या प्रथिनयुक्त भागावरच अवलंबून असते.

गैरसमज ४ : हा रंग प्रथिनाला चिकटतो.

वस्तुस्थिती : चिकटतो तो शर्करेला. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की रंगाचे लक्ष्य म्हणजे गॅलॅक्टोजची बीटा-१,३ बंधांनी जोडलेली सलग साखळी. साखळी पुरेशी लांब असावी लागते. एकदोन गॅलॅक्टोजने भागत नाही. म्हणून एजीपीच्या ज्या रेणूंवर ही साखळी नाही किंवा फार आखूड आहे, ते रंगाच्या नजरेतून सुटू शकतात.

गैरसमज ५ : लाल दिसले की पुरावा पुरा.

वस्तुस्थिती : नेहमीची चाचणी जवळून पाहू. अगारोजच्या पातळ थरात हा रंग आणि थोडे मीठ मिसळतात. थर गोठला की त्यात बारीक खड्डे पाडून प्रत्येकात नमुन्याचे काही थेंब सोडतात. रात्रभरात नमुना खड्ड्यातून चहूबाजूंनी पसरतो आणि एजीपी असेल तर खड्ड्याभोवती लालसर कडे उमटते. कडे जितके मोठे, तितके एजीपी जास्त. शेजारच्या खड्ड्यात माहीत असलेल्या प्रमाणातला अरबी डिंक ठेवला, तर मापही काढता येते.

मात्र या चाचणीला जोड लागते ती न चिकटणाऱ्या रंगाच्या दुसऱ्या थराची. बीटा-ग्लुकोज किंवा बीटा-गॅलॅक्टोज टोकाला असलेला यारिव्ह रंग एजीपी धरतो; अल्फा-गॅलॅक्टोज किंवा बीटा-मॅनोज असलेला धरत नाही. दिसायला दोन्ही रंग सारखेच. दुसऱ्या थरातही कडे उमटले, तर पहिल्या कड्यावर विसंबता येत नाही. शिवाय कडे एवढेच सांगते की एजीपी आहे. कोणते, ते सांगत नाही. अरॅबिडॉप्सिससारख्या लहानशा रोपातही एजीपीची डझनांनी जनुके आहेत. त्यांतला भेद ओळखायला प्रतिपिंडे आणि जनुकीय चाचण्या लागतात.

गैरसमज ६ : रंग फक्त दाखवतो, पेशीला काही करत नाही.

वस्तुस्थिती : जिवंत पेशीत हा रंग थेट ढवळाढवळ करतो. १९९६ मध्ये विल्यम विलॅट्स आणि पॉल नॉक्स यांनी अरॅबिडॉप्सिसची रोपे बीटा-ग्लुकोजच्या यारिव्ह रंगात वाढवली. मुळांची लांबी खुंटली आणि मुळाच्या बाह्यत्वचेतल्या पेशी फुगल्या. न चिकटणाऱ्या रंगाने तसे झाले नाही. लिलीच्या परागनलिकांची वाढही या रंगाने थांबते. एजीपी बांधून पडली की वाढ बिघडते, म्हणजे वाढीत त्यांचे काम आहे, असा अर्थ त्यातून निघाला. रोपांना रंग न लावता झालेल्या तपासणीनेही त्याला दुजोरा मिळाला: ज्या उत्परिवर्ती रोपांच्या मुळांत एजीपी कमी असते, त्यांच्याही मुळांच्या पेशी फुगतात. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आले, म्हणून ते भरवशाचे.

प्रत्येक रंग रेणूच्या एका ठरावीक वैशिष्ट्याला धरतो आणि तेवढ्यापुरतेच बोलतो. म्हणून रंगवलेल्या पेशीचे चित्र समोर आले की तीन गोष्टी विचाराव्यात: रंग नेमका कशाला चिकटला, न चिकटणारा रंग लावून पाहिला का, आणि रंग लावताना पेशी जिवंत होती का. विद्यार्थ्याने हे विचारले आणि शिक्षकाने उत्तर दिले, तर त्या चित्रातून खरे विज्ञान शिकता येते.