उचलीचा आकडा, घरची वही

पैशाचं बोलायला आपण लाजतो. लग्नात किती खर्च झाला ते गावभर सांगतो, पण कर्ज किती झालं ते सख्ख्या भावालाही कळू देत नाही. मग लिहून ठेवणं तर लांबच.

पण मराठीत ज्यांनी आपलं जगणं मोकळेपणाने लिहिलं, त्यांनी पैसा झाकला नाही. तुकोबांच्या घरी देहूला महाजनकी होती, दुकान होतं. १६३० च्या दुष्काळात सगळं बुडालं, पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त घरात पैसा टिकत नसताना संसार कसा रेटला ते लिहिलं. शाळेचं शिक्षण त्यांना नव्हतं. दया पवारांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’ला तर नावच गावकीच्या देण्याघेण्याचं आहे. या सर्वांनी आकड्यामागचं कारण लिहिलं. म्हणून ते अजून वाचलं जातं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. निघण्याआधी उचल घेतलेली असते. ती लिहिली जाते मुकादमाच्या वहीत. घेणाऱ्याच्या घरात मात्र कागदाचा कपटाही नसतो. परंपरा सांगते की, तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या आपल्या वाट्याच्या खतांचे कागद इंद्रायणीत सोडले. आपलं उलटं आहे. आपल्या कर्जाचा कागद दुसऱ्याच्या पेटीत आणि आपल्याकडे फक्त आठवण.

हिशोब करून बघा

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये ठरला. वाढ ३४ टक्के. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोने मिळून, एक लाख उचल घेतली आणि दिवसाला दोन टन ऊस तोडला. दिवसाचे ७३२ रुपये झाले. लाख फिटायला १३७ दिवस लागतात, तेही एक खाडा न करता. त्यात आठवड्याची खर्ची, दवाखाना, खाड्याचा दंड मिळवा. हंगाम संपतो, पण बाकी राहते आणि पुढच्या साली तीच बाकी आपल्याला परत फडात नेते.

ही बाकी किती, हे मुकादम सांगेल तेच खरं धरावं लागतं. इथे मुकादमाला शिव्या देऊन भागणार नाही. तोही कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून रक्कम उचलतो आणि उचल घेऊन टोळी पळाली तर त्याचंही शेत जातं. दोन्हीकडे वही असली तर भांडण तिथंच मिटतं.

काय लिहायचं?

शाळेची चाळीस पानी वही पुरे. तारीख, रक्कम, रोख की ऑनलाइन, कुणी दिली, कोण समोर होतं. पुढे वजनाच्या पावत्यांप्रमाणे टन आणि घेतलेली खर्ची. दर पंधरवड्याला बेरीज आणि शेजारी मुकादमाची सही. मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि आकड्याच्या शेजारी एक ओळ कारणाची लिहा. ‘आईचा दवाखाना’, ‘बोअर कोरडा गेला’, ‘थोरलीचं लग्न’. चार-पाच वर्षांनी ही पानं चाळली की पैसा नेमका कुठल्या वाटेने गेला, ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. पोरांनाही कळतं की बाप उधळ्या नव्हता.

लिहायचं कुणी? घरची बाई बचत गटाची वही बघतेच की! कोयता दोघांचा, पण उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते. तिच्या कामाची नोंद कुठेच नसते. वही तिच्या हाती द्या, नाव दोघांचं लिहा.

सावकाराकडून पैसे घेतले असतील तर हीच सवय आणखी कामाची. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकाराला पावती द्यावी लागते आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकाराने जमीन लाटली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत पहिला प्रश्न येतो, लेखी काय आहे? तिथे वहीतली तारीख बोलते.

ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनाही एक विनंती. ऊसतोड कामगारांची गावातच नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं काम शासनाने २०२१ साली तुमच्याकडे दिलं. ते देताना कुटुंबाला वहीचं पहिलं पान आखून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण गाड्या गावाबाहेर पडायच्या आत झालं पाहिजे. फडात गेल्यावर वही कोण शोधत बसणार?