मधुमेह, आत्मप्रतिरक्षाजन्य
शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) इन्शुलीन स्रवणाऱ्या कोशिकांचाच (पेशींचाच) नाश केल्यामुळे होणारा विकार. यास पहिल्या प्रकारचा मधुमेह असेही म्हणतात. तो बहुधा बालपणी वा तरुणपणी उद्‌भवतो. तथापि कोणत्याही वयात होऊ शकतो. अग्निपिंडाचा आत्मप्रतिरक्षाजन्य शोथ (दाहयुक्त सूज) हा याहून निराळा रोग असून त्यातील सूज स्टेरॉइड औषधांनी बहुधा ओसरते. प्रस्तुत रोगात मात्र नष्ट झालेल्या कोशिकांचे कार्य पूर्ववत होत नाही व रोग्यास जन्मभर बाहेरून इन्शुलीन घ्यावे लागते.

विकृती : अग्निपिंडात विखुरलेल्या लँगरहान्स द्वीपकांमधील बीटा कोशिकांवर लसीका कोशिका हल्ला करतात. हा नाश लक्षणे दिसण्यापूर्वी काही महिने वा वर्षे चालू असतो. या काळात रक्तात द्वीपकांविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. ती प्रथम १९७४ मध्ये ओळखण्यात आली. आनुवंशिक प्रवृत्ती हे एक कारण असले, तरी बहुतेक रोग्यांच्या जवळच्या नातेवाइकांत हा रोग नसतो. अतितहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही प्रारंभीची लक्षणे होत. निदान लांबल्यास कीटोनजन्य अम्लरक्तता होऊन बेशुद्धी व मृत्यू ओढवतो.

मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय स्थापन केले, त्या वेळी जगात कोठेही या रोगावर गुणकारी उपाय नव्हता; रोगी मूल बहुधा काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत दगावे. १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलिनाचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रोग्यास देण्यात आले. प्राणघातक रोगाचे अशा रीतीने दीर्घकालीन रोगात रूपांतर झाले आणि त्याचे उशिरा होणारे परिणाम दृष्टीस पडू लागले.

दीर्घकालीन परिणाम : रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वर्षानुवर्षे अधिक राहिल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. तीमुळे जालपटल (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडदा) विकृत होऊन अंधत्व येऊ शकते, वृक्क (मूत्रपिंड) निकामी होतात आणि तंत्रिका (मज्जा) बिघडून पाय बधिर होतात. बधिर पायाच्या दुर्लक्षित जखमेतून कोथ (ऊतकाचा नाश) उद्‌भवू शकतो. मोठ्या रोहिण्या कठीण झाल्याने हृद्रोग व पक्षाघात यांचा धोका वाढतो. काही रोग्यांत अवटू ग्रंथीचे आत्मप्रतिरक्षाजन्य विकारही आढळतात.

हे परिणाम अटळ नाहीत. अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रोग्यांवर केलेल्या चाचणीत ग्लुकोजाच्या काटेकोर नियंत्रणामुळे, आधी जालपटलविकार नसलेल्यांत तो उद्‌भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याबरोबर रक्तातील ग्लुकोज घातक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग मात्र सु. तिप्पट झाले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांचे नियंत्रण जवळजवळ सारखे झाले, तरीही प्रारंभी काटेकोर उपचार मिळालेल्यांना पुढेही लाभ होत राहिला. सरासरी २७ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांचे मृत्युप्रमाण सु. एकतृतीयांशाने कमी आढळले. म्हणजेच रोगाच्या पहिल्या काही वर्षांतील नियंत्रणावर पुढील अनेक दशकांचे आरोग्य अवलंबून असते. त्या वर्षांत पडलेला खंड नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : मिरज येथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून कराड येथे १९८४ मध्ये खाजगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि या रोगात रुग्णालयाइतकेच घरातील दैनंदिन उपचार महत्त्वाचे असतात. न उघडलेले इन्शुलीन २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. ते गोठल्यास वा फार तापल्यास निकामी होते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या आसपास जाते. शीतकपाट नसलेल्या घरी दोन मातीच्या भांड्यांमध्ये ओली वाळू भरून आतील भांड्यात वापरातील कुपी ठेवल्यास ती उष्णतेपासून बरीच सुरक्षित राहते. उलट कृष्णाकाठी धोका पुराचा असतो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील पुरांत सांगली परिसरातील अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. इन्शुलिनावर अवलंबून असलेल्या रोग्यास ते एकदोन दिवस न मिळाल्यासही अम्लरक्तता होऊ शकते; म्हणून अशा प्रसंगी इन्शुलीन, सुया व तपासणीच्या पट्ट्या जवळ बाळगणे आवश्यक असते. शाळकरी मुलाच्या बाबतीत त्याच्या शिक्षकांना रोगाची व साखर उतरल्यास करावयाच्या उपायांची माहिती असावी लागते.

निदानानंतर साधारणपणे तीन ते पाच वर्षांनी डोळ्यांची व मूत्रातील प्रथिनाची तपासणी नियमितपणे सुरू करतात. त्यायोगे विकार प्रारंभीच ओळखून रोखता येतो. योग्य उपचारांनी शिक्षण, व्यवसाय, विवाह व अपत्यप्राप्ती यांत सहसा बाध येत नाही. इन्शुलिनावर ५० वर्षांहून अधिक काळ जगलेल्या अनेक व्यक्तींची नोंद झालेली आहे.