जुन्या पिकअपचे वायरिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगरजवळच्या नेप्ती उपबाजारात किंवा नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या कांदाबाजारात गोणी लादून येणाऱ्या वाहनांत पंधरा-वीस वर्षे राबलेल्या पिकअप गाड्या अद्याप पुष्कळ दिसतात. त्यांची इंजिने शाबूत असतात, चेसिसही दणकट असते. परंतु कधी मागचा डावा दिवा लागत नाही, कधी ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणू लागतो, कधी चार दिवस उभी राहिलेली गाडी सेल्फ घेत नाही, आणि मग मालकाच्या तोंडून एकच निकाल बाहेर पडतो : ‘वायरिंग गेलं.’ ज्या जिल्ह्यात वाहननगर येथे लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि ज्या शहराच्या कारखान्यातून लुना देशभर गेली, तेथे यंत्रावर चालणाऱ्या कसबी हातांची वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती कात्री उचलण्यापूर्वी शांतपणे केलेल्या चौकशीची. बॅटरी, डायनॅमो, दिवे, स्विच आणि फ्यूज यांना जोडणारी तारांची ही जुडी, जिला कारागीर हार्नेस म्हणतात, तिच्याविषयी जे समज गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत रूढ झाले आहेत, त्यांतील प्रमुख समजांची येथे छाननी केली आहे.

गैरसमज 1 : वायरिंग जुने झाले की ते समूळ बदलणे हाच इलाज.

वस्तुस्थिती : तांब्याची तार निव्वळ वयाने निकामी होत नाही. जुने होते ते तिच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हे, तर इंजिनाच्या धगीजवळ प्रथम; कारण उष्णतेने त्यातील मऊपणा राखणारी द्रव्ये उडून जातात आणि आवरण ठिसूळ होते. बाकीचे दोष ठरावीक जागी वस्ती करून असतात : चेसिसच्या छिद्रातून तार जाते आणि तिथला रबरी बूच गळून पडलेला असतो ती जागा, केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधली सतत हालणारी जागा, पाणी साचणारे कपलर, आणि पूर्वी कोणीतरी घाईने जोड दिलेला असतो ती जागा. निजामशाहीच्या काळी कापूरवाडीसारख्या गावांहून खापरी नळांनी नगर शहरात पाणी आणले होते. अशा नळाचे पाणी आटले तर शहाणा मनुष्य प्रथम सांधे तपासील, कोसभर नळ उकरून काढणार नाही. आवरण कुठेही वाकवले तरी तडकत असेल, किंवा जुडी आतून जळून तारा एकमेकींना चिकटल्या असतील, तरच संपूर्ण हार्नेस बदलणे रास्त ठरते; आणि तेव्हाही नव्या हार्नेसच्या तारा मूळच्याइतक्या जाड आहेत याची खातरजमा करावी, नाहीतर जुन्या रोगाच्या जागी नवा रोग येतो.

गैरसमज 2 : फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज घालावा.

वस्तुस्थिती : फ्यूज दिव्याचे रक्षण करण्यासाठी नसतो, तो तारेचा पहारेकरी असतो. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा, आणि हा आकडा त्या मार्गातील तारेच्या जाडीवरून निश्चित केलेला असतो. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून लाल फ्यूजच्या जागी हिरवा बसवला, तर पहारेकरी जागा होईपर्यंत तारेत नऊपट उष्णता निर्माण होऊ शकते. आणि फ्यूजऐवजी तारेचे वेटोळे घातले, तर जळण्याचे काम फ्यूजऐवजी हार्नेसकडे जाते. उडणारा फ्यूज ही एक फिर्याद आहे. ती दडपून न टाकता त्या मार्गातील एकेक कपलर सोडवीत, कोणत्या फांदीवर शॉर्ट आहे हे हुडकून काढावे.

गैरसमज 3 : गाडी उभी राहून बॅटरी उतरते, म्हणजे बॅटरीच खराब.

वस्तुस्थिती : सुस्थितीतील 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून विश्रांती घेत असता सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असता चार्जिंगचा दाब साधारणतः 13.8 ते 14.4 व्होल्ट असतो. हे दोन्ही आकडे बरोबर असूनही बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी चोरटा प्रवाह वाहतो आहे असे समजावे. सर्व बंद केल्यावर बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि त्यावरून सोडवलेली वायर यांच्यामध्ये अँपमीटर लावला असता सुमारे 50 मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानतात. जुन्या साध्या गाडीत तर तो याहून बराच कमी असावा. अर्धा अँपिअर वाहत असेल, तर दिवसाला 12 अँपिअर-तास खर्ची पडतात, आणि 70 अँपिअर-तासांची बॅटरी चौथ्या दिवशी सेल्फ ओढण्यास असमर्थ होते. अशा वेळी मीटरवर दृष्टी ठेवून एकामागून एक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्या मार्गात चोर आहे. मात्र मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये.

गैरसमज 4 : मीटर 12 व्होल्ट दाखवतो आहे, म्हणजे तार निर्दोष आहे.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत फसवा आहे, कारण त्याला आकड्याचे पाठबळ असते. तारेतील पदरांपैकी एक सोडून सारे तुटले असले, तरी मीटरला लागणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की तेवढ्या एका पदरातूनही 12 व्होल्ट इमानाने दिसतात; दिवा जोडताच मात्र तो दाब कोसळतो. नळ बंद असता त्यात पाणी भरलेलेच दिसते. तोटी सोडल्यावर हौदात किती पडते, यावर नळाची परीक्षा होते. म्हणून दिवा किंवा सेल्फ चालू ठेवून, त्याच तारेच्या दोन टोकांना मीटरच्या दोन पिना लावाव्यात. तेथे जेवढे व्होल्ट दिसतील, तेवढे त्या तारेने वाटेतच गिळले असे समजावे. सेल्फ मारताना 200 अँपिअर वाहत असतील, तर केवळ एक शतांश ओहमचा सैल जोडसुद्धा 2 व्होल्ट खाऊन टाकतो, आणि कारण नसताना बॅटरी व सेल्फ दोघांवर दोषारोप होतो.

गैरसमज 5 : सगळी बॉडी अर्थच आहे, अर्थकडे पाहण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती : मागच्या दिव्याचा प्रसंग जवळून पाहिला म्हणजे हा भ्रम नाहीसा होतो. ब्रेक दाबला आहे. ब्रेकलाइट नीट लागण्याऐवजी मंद तांबडी झाक दिसते, आणि शेजारचा इंडिकेटर अर्धवट उजळतो. मालकास वाटते, तारा आत एकमेकींना चिकटल्या. वस्तुतः प्रवाह दिव्यापर्यंत बिनचूक पोचला आहे, पण परतीची वाट बंद झाल्यामुळे तो शेजारच्या दिव्याच्या तंतूतून आडमार्गाने परत जातो आहे. दिव्याच्या वायरीतील अर्थची तार हाताने चाचपीत गेल्यास ती चेसिसवरच्या एका बोल्टखाली संपते : बोल्टवर तपकिरी गंज, थिंबलवर पांढरी-हिरवी पूड, आणि थिंबलखाली कोणी तरी हौसेने दिलेला रंगाचा थर. बोल्ट सोडवून, थिंबल बदलून, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले की दोन्ही दिवे आपापल्या जागी उजळतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यावर जसा कळंक चढतो, तसाच तो तांब्यावरही चढतो, आणि हा कळंक विजेचा मार्ग अडवतो. याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर-रतनवाडीचा धो-धो पाऊस आहे आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडची धूळ आहे. दोहोंतून फिरणाऱ्या गाडीने वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, सर्व अर्थचे बोल्ट उघडून पाहावेत.

गैरसमज 6 : हेडलाइट मंद पडला, तर जास्त वॅटचा बल्ब लावावा.

वस्तुस्थिती : 60 वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे 10 अँपिअर घेतात. 0.75 चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तारेतून तेवढा प्रवाह नेला, तर तारेतच एक व्होल्टाहून अधिक दाब खर्ची पडतो. आणि हॅलोजन बल्बाचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. तेथे 100 वॅटचे बल्ब लावल्यास तारेतील उष्णता पावणेतीनपट होते, प्रथम स्विच वितळतो आणि मग कपलर. योग्य उपाय असा : बॅटरीजवळच फ्यूज बसवून, 2.5 चौरस मिलिमीटरची तार रिलेमार्फत थेट दिव्यापर्यंत न्यावी. स्विचकडे रिले चालवण्याएवढा किरकोळ प्रवाह उरतो, आणि मूळ बल्बच पूर्ण तेजाने प्रकाशतो.

गैरसमज 7 : पीळ देऊन टेप गुंडाळला की जोड पक्का, डाख दिला तर त्याहून पक्का.

वस्तुस्थिती : वैशाखातल्या उन्हात टेपचा डिंक पातळ होतो, टेप उलगडतो, आणि उघड्या पिळात दमटपणा शिरतो. डाख विजेला उत्तम वाट देतो हे खरे. परंतु कथील पदरांत झिरपून तार जिथपर्यंत कडक होते, त्या सीमेवर सततच्या हादऱ्याने ती तुटते. हालणाऱ्या वाहनात योग्य मापाची नळी, तिच्यासाठीच केलेल्या पकडीने दाबून बसवावी आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. टेस्ट लॅम्पची सुई आवरणात खुपसणेही घातक आहे. त्या छिद्रातून शिरलेले पाणी पदरांमधून लांबवर चढते, आणि वर्षभराने तार आतून काळी पडलेली आढळते.

गैरसमज 8 : चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनॅमोची परीक्षा करावी.

वस्तुस्थिती : ही परीक्षा खऱ्या डायनॅमोच्या जमान्यातील आहे. आज आपण डायनॅमो म्हणतो तो अल्टरनेटर असतो, आणि चार्जिंग चालू असता बॅटरी एकाएकी तोडली, तर क्षणभर दाब शंभर व्होल्टच्या आसपास उसळू शकतो. त्यात रेग्युलेटर आणि डायोड दगावतात. चार्जिंगची साक्ष मीटरकडून घ्यावी.

या सर्वांतून एकच निष्कर्ष निघतो. वायरिंगचा बिघाड हा बहुधा जुडीचा नसून एखाद्या जोडाचा असतो. तो जोड शोधण्यास मीटर, टॉर्च, पॉलिश कागद आणि तासाभराचा धीर एवढी सामग्री बहुतेक वेळा पुरते. पिकअपच्या धन्यांना विनंती एवढीच की, कारागिराला ‘वायरिंग बदल’ असा हुकूम देण्याऐवजी ‘दोष दाखव’ अशी मागणी करावी, आणि त्याने शोधण्यात घालवलेल्या वेळाची मजुरी आनंदाने द्यावी. ऊसगाळपाच्या हंगामात ज्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या चालतात, तेथे मागून येणाऱ्या वाहनाला आपल्या गाडीचे अस्तित्व कळते ते त्या दोन तांबड्या दिव्यांवरूनच. आणि ते दिवे चेसिसवरच्या एका बोल्टच्या भरवशावर पेटत असतात.