रेघ ओढली की पाऊल पडते

आमचे अण्णा अंबाजोगाईला तीस वर्षे शिक्षक होते. दासोपंतांनी ज्या गावी कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, त्या गावच्या मुलांचे अक्षर गिचमिड असून कसे चालेल, असे ते वर्गात म्हणत. अशा अण्णांनी तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या वाणसामानाची यादी लिहिली, ती पहिल्या ओळीला ठसठशीत आणि शेवटच्या ओळीला मुंगीएवढी! “अण्णा, कागद महागला वाटतं?” मी थट्टा केली. सारे हसले, अण्णा तेवढे हसले नाहीत.

त्यांचा चेहराच अलीकडे हलत नसे. “मामंजी रुसलेत,” असे सौभाग्यवतीचे म्हणणे. चाल मंदावली, तिचे खापर आम्ही गुडघ्यांवर फोडले आणि वर्षभर तेल चोळत बसलो. शेवटी गावातल्याच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावले, बोटे आपटायला सांगितली, एक ओळ लिहून घेतली आणि म्हणाले, “हा पार्किन्सन. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात.”

“पण हात कुठे थरथरतो?” मी विचारले. प्रत्येकाचा थरथरतोच असे नाही, हे मला तेव्हा कळले.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झिजल्या, की चालणे, लिहिणे, हसणे अशा एरवी आपोआप होणाऱ्या हालचाली अडखळू लागतात. १९६० नंतरच्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. त्याने रोग मुळासकट जात नाही, पण हालचाल पुष्कळ सुधारते. हेच द्रव्य आपल्या खाजकुयलीच्या बियांतही असते. म्हणून कोणी घरीच चूर्ण करून घेऊ नये, कारण मात्रेचा हिशेब डॉक्टरांनीच करायचा. गोळीची वेळ चुकवू नये, ती एकाएकी बंदही करू नये.

गोळ्यांनी अण्णा सावरले. तरी उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. हात धरून ओढावे, तर तोल जाई. गेल्या वसुबारसेला नातीने दारात रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या. अण्णा थबकले, खाली पाहिले आणि रांगोळी पुसू नये म्हणून पाय उचलून सरळ पलीकडे गेले! डॉक्टरांना सांगितले, तर त्यांना नवल वाटले नाही. आपोआप न पडणारे पाऊल डोळ्यांना खूण दिली की पडते, म्हणाले. तेव्हापासून आमच्या दाराशी चुन्याच्या रेघा कायमच्या आहेत.

मग मी अण्णांना दुरेघी वही आणून दिली. लहानपणी त्यांनी मला दिली होती तशीच.

वाचकहो, दिवाळीला घरची मंडळी एकत्र जमतील. एखाद्या वडीलधाऱ्याचे अक्षर बारीक झाले असेल, चालताना एक हात हलत नसेल, चेहरा रुसल्यासारखा दिसत असेल, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. आणि माझ्यासारखी थट्टा तर मुळीच करू नका.

यंदाची यादी माझ्यापुढे आहे. रवा, बेसन, पोहे, खोबरे. शेवटी ‘रांगोळी, दोन शेर’. शेवटचा शब्द पहिल्याएवढाच मोठा आहे.