शेजाऱ्याच्या अभ्यासात वेचलेले आयुष्य

खानापूर तालुक्यातील आमच्या गुंजीपासून चीनची सीमा फार दूर. परंतु लष्करात मुलगा धाडलेल्या मातेस ती दूर वाटत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास असल्याने सैनिकी पेशा या मुलखास परका नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले, तेव्हा पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: बंदुका का झाडल्या गेल्या नाहीत?

याचे उत्तर १९९६ च्या भारत-चीन करारात सापडते. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत उभय पक्षांनी गोळीबार करू नये, असे त्यात ठरले होते. असे करार करावयाचे, आणि ते कोठे तोकडे पडतात हे ओळखावयाचे, तर शेजाऱ्याचे अंतरंग जाणणारी माणसे देशात असावी लागतात.

असे एक मराठी गृहस्थ म्हणजे प्रा. गोविंद पुरुषोत्तम देशपांडे. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या नाटकाचे कर्ते म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहेत. मात्र त्यांचा व्यवसाय चीनच्या अध्ययनाचा होता. १९३८ साली नाशिकास जन्मलेले व सातारा जिल्ह्यातील रहिमतपुरात वाढलेले देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पूर्व आशियाविषयीचे प्राध्यापक झाले. चीनच्या आफ्रिकाविषयक धोरणावर त्यांनी सहलेखकासह ग्रंथ लिहिला. भारत-चीन संबंधांच्या ५० वर्षांवरील ग्रंथ २००१ साली अलका आचार्य यांच्यासह संपादिला. त्यांचे राजकीय विचार डावे होते. ते सर्वांस पटतील असे नाही. पण त्यांची ज्ञाननिष्ठा कोणीही मान्य करावी. २०१३ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

वाचकहो, शेताच्या बांधाचा तंटा उभा राहिला, की आवाज चढविणारे पुष्कळ मिळतात. जुने कागद शांतपणे वाचणारा एखादाच. राष्ट्रांच्या बांधाचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधील गस्तीविषयी उभय देशांत समझोता झाला, तोही प्रदीर्घ वाटाघाटींनंतरच.

आमच्या मुलांनी सीमेवर उभे राहावे, हे भूषणच आहे. परंतु ज्या मुलामुलींना इतिहासाची व भाषांची गोडी आहे, त्यांस आईबापांनी 'याने पोट भरेल काय?' एवढेच विचारून अडवू नये. पहाऱ्यावरील भावाचा जीव कधी कधी ग्रंथालयात बसलेल्या बहिणीच्या विद्येनेही राखला जातो.