व्हाइनलँडची पट्टी आणि तलासरीचं पोर

माणसाला मोजायच्या पट्ट्या कुणी, कुठे बसून, कुठल्या माणसांना समोर धरून तयार केल्या, हा माझा जुना नाद. त्याच नादात एक प्रश्नावली हाती लागली आणि तिचा माग काढता काढता मी अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून निघून नागपूरमार्गे थेट पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत येऊन पोचलो.

प्रश्न ८९. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत पोराला काय काय जमायला हवं, त्याची चढती यादी. गंमत अशी की पोराला काहीच विचारायचं नाही. विचारायचं आईला. स्वतःच्या हाताने पाणी पितो का? कपडे चढवतो का? एकटा शेजारीपाजारी जातो का? उत्तरांवरून सामाजिक वय निघतं, त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं. आलेल्या आकड्याला सामाजिक गुणांक म्हणतात.

ही पट्टी मुळात एडगर डॉल यांनी १९३५ साली व्हाइनलँड या गावातल्या शाळेत तयार केली. त्यांच्याआधी हेन्री गोडार्ड तिथे संशोधन करत. बिने यांची बुद्धिचाचणी अमेरिकेत आणणारे, आणि 'मंदबुद्धी' घराण्यांचा वंशच वाढू देऊ नये असं हिरिरीने मांडणारे, ते हेच. डॉल त्या मानाने शहाणे. नुसती बुद्धी मोजून भागत नाही, पोर जगतं कसं ते बघा, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे ही पट्टी आणली ए. जे. मालिन यांनी, नागपूरला. भारतीय मुलांसाठीची त्यांची बुद्धिचाचणी १९६९ची. मानसशास्त्राच्या वर्गाबाहेर मालिन हे नाव कुणाला ठाऊक नाही; पण बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारने २०१८मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत टक्केवारी ठरवली होती ती व्हाइनलँडच्याच पट्टीवर. गुणांक ५५ ते ६९ असेल तर दिव्यांगत्व ५० टक्के, ७० ते ८४ असेल तर २५ टक्के. दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक लाभ सुरू होतात ४० टक्क्यांपासून.

आता त्या सूचनांप्रमाणे हिशेब करा. मूल दहा वर्षांचं. सामाजिक वय सात भरलं तर गुणांक ७०, म्हणजे २५ टक्के, म्हणजे रिकाम्या हाताने घरी. तेच सहा वर्षं अकरा महिन्यांच्या किंचित खाली निघालं की ६९ आणि ५० टक्के. सव्वा महिन्याच्या फरकावर सगळं दान पडतं. आणि तो सव्वा महिना ठरतो आईने परक्या माणसासमोर, परक्या भाषेत, संकोचत दिलेल्या एखाद्या उत्तरावर. परकी भाषा म्हणजे काय, ते तलासरीत पाहा. तालुका जवळजवळ सगळा आदिवासी. घरात वारली, कुठे धोडिया, कुठे कोकणा, बाजारात गुजराती, प्रमाण मराठी भेटते ती शाळेत आणि दवाखान्यात.

डॉल यांच्या मूळ यादीत टेलिफोन करणं होतं, पत्र लिहिणं होतं. वारली घरातली आठ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखते, सरपण आणते, पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी कुठे उगवते ते तिला पाठ असतं. याचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे? डॉल यांना ही अडचण दिसली नव्हती असं नाही. 'संधीच मिळाली नाही' असा शेरा मारायची सोय त्यांनी ठेवली होती. मात्र तो शेरा मारायचा तर तपासणाऱ्याने पोराचं घर पाहिलेलं हवं.

आणि घर पाहणारी माणसं याच मुलखात होऊन गेली, म्हणून हा माग मला सोडवत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची थोरवी इथे पुन्हा सांगत नाही. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीत बालवाडी उघडली. मला महत्त्वाचं वाटतं ते बोर्डीतलं त्यांचं पुढचं पाऊल. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाई वस्तीत गेल्या आणि अंगणातच शाळा मांडली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं आली. १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथली पोरं गुरांमागे रानात. तर शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सोडून येऊ शकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. या रचनेचं नाव विकासवाडी.

कोसबाडचं काम दिव्यांग मुलांसाठी म्हणून उभं राहिलेलं नव्हतं, ते ओढूनताणून तसं ठरवायचं कारण नाही. पण विशेष शिक्षणाला जे लागतं ते सगळं त्या आवारात होतं. पोर पाळण्यापासून नजरेखाली, बाईला घर ठाऊक, आणि शाळेची वेळ पोराच्या दिवसाप्रमाणे.

आजची व्यवस्था कागदावर कितीतरी भक्कम आहे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन तपासणी करतं. अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती आणली. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. म्हणजे अंगणातली शाळा कायद्यात यायला साठाहून अधिक वर्षं लागली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. त्यांत सिकलसेल आहे, आणि आदिवासी पट्ट्यात त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण एकाच पोराचे वाटे पडलेत. तपासणी आरोग्य खात्याची, अंगणवाडी महिला व बालविकासची, जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण खात्याची, आश्रमशाळा आदिवासी विकासची आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याणची. हा शेवटचा विभाग महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र केला, त्याचं कौतुकही झालं. मला त्यात कौतुकापेक्षा आणखी एक टेबल वाढलेलं दिसतं. प्रत्येक खात्याची नोंदवही वेगळी, आणि ती पोराबरोबर पुढच्या दारापर्यंत जातेच असं नाही.

त्यात दिवाळीनंतरचं स्थलांतर. भातकापणी उरकली की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर, रेतीवर, गुजरातेत बांधकामावर निघतात, ती होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परततात. ऐकू न येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र मिळालं तरी ते कानाला सरावण्याचे, त्यातून आवाज ओळखायला शिकण्याचे महिने नेमके हेच. दर आठवड्याला केंद्रावर या, हे सांगणारा तज्ज्ञ चुकत नाही. पण ज्याला सांगतो तो भिवंडीच्या भट्टीवर असतो. कुरणशाळा पोरांमागे गेली, भट्टीमागे अजून कुणी नेमाने जात नाही.

जाऊ शकतील ते विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्राने २०२२मध्ये त्यांचं प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, पुढे पंधरांमागे एक. राज्याने २०२४मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० पदं मंजूर केली. या शिक्षकांनी निदान पहिलं वर्ष घरं हिंडण्यात घालवावं, वारली बोलायला शिकावं, आणि मालिन यांचे ८९ प्रश्न आईच्या चुलीपाशी बसून विचारावेत, असं माझं मत आहे. 'संधी नाही' हा शेरा कुठे मारायचा ते तिथेच कळेल. अठरा वर्षांनंतरचं मात्र या शिक्षकांच्याही हातात नाही. मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या कायद्याने सहा ते अठरा एवढाच दिलाय, आणि एकोणिसाव्या वर्षी त्या पोराचं नाव नक्की कुठल्या खात्याच्या वहीत जातं, हे मी पाचही खात्यांच्या योजना चाळून शोधलं. पेन्शनच्या यादीत ते सापडतं, शिक्षणाच्या नाही.