किंगरी ऐका

राजुरा-जिवतीपासून आदिलाबादपर्यंत गोंडांच्या कुळकथा गातात ते परधान. हातात किंगरी: कातड्याने मढवलेलं लाकडी वाद्य, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. गज फिरला की आवाज गळ्यातून आल्यासारखा दाटून येतो. एक गातो, साथीदार ओळ उचलतो.

आयरिश फिडल आवडणाऱ्यांनी तर हे ऐकायलाच हवं!

आयर्लंडशेजारच्या इंग्लंड-स्कॉटलंडमधली जुनी गाणी स्थलांतरितांबरोबर अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत पोचली. १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस या लोकगीत-संग्राहकांनी वस्त्यावस्त्यांत फिरून ती टिपून घेतली. परधानांचीही अशी नोंद झाली: नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. मराठी माणसाचं हे मोठंच काम.

परधानांची बिदागी परंपरेने गोंड यजमानाच्या घरची: धान्य, कापड, कधी गाय-बैल.